सासऱ्यांचा ‘वन्स मोअर’

प्रिय ताई,

मी डोंबिवलीत राहते, वय ४१. सासरे आमच्याकडेच असतात, वय ७९. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली. बाबा मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. तरुणपणी गावच्या उत्सवात ‘सौभद्र’ या संगीत नाटकात नारद करायचे, हे मी लग्न झाल्यापासून महिन्यातून दोनदा ऐकते आहे. त्यांच्या वाढदिवसाला म्हणून मी, बाबा आणि माझी चौदा वर्षांची लेक ‘संगीत मानापमान’च्या प्रयोगाला गेलो. संगीत नाटक मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते.

पहिल्या पदापासून बाबा सुरू! ‘वा’, ‘क्या बात है’ इथपर्यंत ठीक. मग खुर्चीच्या हातावर ताल. मग सोबत गुणगुणणं, तेही गाणाऱ्याच्या अर्धी ओळ आधी. एका पदाला तर त्यांनी उभं राहून ‘वन्स मोअर’ अशी आरोळी ठोकली. आणखी दोघातिघांनी साथ दिली, पण पद काही परत झालं नाही. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी दोनदा ‘शूऽऽ’ केलं आणि मध्यंतरात येऊन मला म्हणाले, “मॅडम, आम्हीपण तिकीट काढून आलोय. यांना जरा सांभाळा.” मी सॉरी म्हणाले. बाबा शेजारीच उभे होते. मध्यंतरानंतर ते अवाक्षर बोलले नाहीत. घरी येईपर्यंतही नाही.

आता पुढच्या महिन्यात ‘सौभद्र’ आहे. तिकिटं काढते म्हटलं तर म्हणाले, “तुम्ही जाऊन या. मला आता रात्रीचं जागरण सोसत नाही.” प्रयोग दुपारचा आहे. नवरा म्हणतो, नेऊच नको, तुलाच ताप. लेक म्हणते, आजोबांचं काहीच चुकलं नाही, त्या काकांनाच कळत नव्हतं. संगीत नाटकात हे असं चालतं का? आणि खरं सांगू, मध्यंतरानंतर मला स्वतःलाच डुलकी लागली होती. त्यामुळे बाबांना काही शिकवायचा मला काय अधिकार, असंही वाटतं.

– एक सून, डोंबिवली

*

प्रिय सूनबाई,

‘प्रयोग दुपारचा आहे’ हे तीन शब्द तुम्ही जाता जाता लिहिलेत आणि मी तिथेच अडकले. म्हणजे बाबांचं काय बिनसलंय ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, फक्त ते दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं होतं. तर मी म्हणते.

अनोळखी माणसानं ‘शूऽऽ’ केलं, याचं त्यांना फार काही वाटलं नसावं. उत्सवाच्या मांडवात नारद उभा केलेल्या माणसानं त्याहून पुष्कळ काही ऐकून घेतलेलं असतं. पण ‘यांना सांभाळा’ या वाक्याला तुम्ही ‘सॉरी’ म्हणालात, तेही त्यांच्या देखत आणि त्यांच्या वतीनं. सांभाळतात लेकरांना. घरातला सगळ्यात जाणता श्रोता म्हणून ते आत गेले होते आणि मध्यंतरात चहाच्या कपासकट त्यांचं बाळ झालं. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत. भांडण नको म्हणून मीही तेच केलं असतं. पण तिकिटाला नाही म्हणायचं कारण जागरण नव्हे, ते सॉरी आहे. पहिलं काम तेवढं उतरवून ठेवण्याचं. “बाबा, त्या दिवशी मी तुम्हाला न विचारता त्या माणसाची माफी मागितली, ते मला बरं वाटलं नाही.” एवढंच म्हणा, आणि लगेच विषय बदला. त्या पिढीच्या पुरुषांना माफी ऐकताना कुठे बघावं ते कळत नाही. समोर भाजी निवडायला असेल तर उत्तम.

आता तुमचा प्रश्न, असं चालतं का? लेकीचं अर्धं बरोबर आहे, आणि त्या गृहस्थांचंही अर्धं.

मी हे कुठल्या अधिकारानं बोलते, तेही सांगते. माझे वडील, नाना, संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. ऑर्गन म्हणजे पायपेटी. दोन्ही पायांनी भाता मारायचा आणि दोन्ही हात पट्ट्यांवर. साथीदार बसतात रंगमंचाच्या पुढ्यात, खालच्या अंगाला. माझ्या लहानपणच्या कितीतरी रात्री मी तिथे तबल्याच्या पेटाऱ्यावर बसून काढल्या आहेत. तिथून नाटक धड दिसत नाही, नटांची पावलं तेवढी दिसतात. पण पाठीमागचा प्रेक्षक मात्र लख्ख ऐकू येतो. कोण खोकतंय, कुणी पुडी सोडलीय, कोण जागेवर दाद देतंय आणि कोण नुसतं शेजाऱ्यावर छाप पाडायला ‘वाहवा’ करतंय, सगळं.

तेव्हा ‘वा’पासून सुरू करू. ‘वा’ चालतं. नुसतं चालत नाही, त्याच्यावर गाणाऱ्याचं पुढचं आवर्तन, म्हणजे तालाचा पुढचा फेरा, ठरतो. एखादी तान बरोब्बर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन पडली आणि अंधारातून एक ‘वा’ आला की नानांची मान किंचित डावीकडे वळायची, आणि वर गाणारा पुढची जागा, म्हणजे सुरांचं पुढचं नाजूक वळण, थोडी अधिक हिमतीनं घ्यायचा. ज्या प्रयोगात समोरून काहीच येत नाही, तो प्रयोग संपल्यावर कलाकार एकमेकांना विचारतात, “आज काय झालं होतं पब्लिकला?” मागच्या रांगेतल्या गृहस्थांना ‘वा’चाच राग असेल, तर ते चुकीच्या नाटकाला आले होते. गद्य नाटकाची शांतता वेगळी आणि संगीत नाटकाची वेगळी.

गुणगुणणं मात्र चालत नाही. इथे मी बाबांच्या बाजूनं एक शब्दही बोलणार नाही. ‘वा’ रंगमंचाकडे जातो, गुणगुण शेजारच्याच्या कानात जाते. तो बिचारा आला आहे समोरच्या गळ्यासाठी आणि त्याला ऐकावा लागतो तुमच्या घरचा गळा. त्यातून बाबा अर्धी ओळ आधी म्हणतात, म्हणजे त्या माणसाला पुढची जागा काय येणार तेही अगोदरच कळतं. कथेचा शेवट आधी सांगण्यासारखंच आहे हे.

नानांची एक गोष्ट सांगते. कुठल्याशा गावी पहिल्याच रांगेत एक मालदार गृहस्थ बसले होते आणि प्रत्येक पद खणखणीत आवाजात सोबत म्हणत होते. पहिल्या अंकात नायिकेला दोनदा सूर चाचपडावा लागला. अंक संपल्यावर नाना पानाचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले, विडा पुढे केला आणि अगदी नम्रपणे म्हणाले, “मालक, तुमचा सूर काळी एक आहे, आमची बाई काळी चारमध्ये गाते. दोघांपैकी एकानं बदलायला हवं. बाईला सांगू का?” (सूर पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रमानं सांगतात.) गृहस्थ पोट धरून हसले आणि पुढचे अंक विडा चघळत बसले. तोंडात पान असल्यावर गाता येत नाही, हे नानांनी अर्थातच आधी हेरलेलं होतं. हल्ली नाट्यगृहात पान नेता येत नाही, हे आपलं दुर्दैव. आवळासुपारी चालून जाईल.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. बाबा टीव्ही मोठ्यानं लावतात का? फोनवर ओरडून बोलतात का? कान मंदावलेल्या माणसाला स्वतःचा आवाज केवढा लागतोय याचा अंदाज राहत नाही. ते आपल्या मते ओठातल्या ओठात म्हणत असतील आणि दोन रांगा ऐकत असतील. ७९ व्या वर्षी कानाची तपासणी करून घेणं एरवीही शहाणपणाचं. यंत्र लागलंच तर ते बसवून देणाऱ्याला आवर्जून सांगा की हे गाणं ऐकणारे गृहस्थ आहेत. बोलणं ऐकण्याची आणि गाणं ऐकण्याची जुळणी वेगवेगळी करून देता येते. नुसत्या बोलण्यासाठी जुळवलेलं यंत्र लावून बसले तर पेटीचा सूर पत्र्यासारखा लागायचा आणि दोष जायचा ऑर्गनवाल्याकडे.

ताल धरण्याचं म्हणाल तर तो धरू द्या, फक्त खुर्चीच्या हातावर नको. नाट्यगृहातल्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या असतात, एकीवर थाप पडली की अख्ख्या रांगेला हादरे बसतात. स्वतःच्या मांडीवर धरावा. त्याहून बरं म्हणजे नातीच्या मनगटावर. तुमची लेक आजोबांच्या बाजूची आहे ना? तिला त्यांच्या शेजारी बसवा आणि सांगा, आजोबा तुझ्या हातावर ताल धरतील, सम कुठे येते ते तू ओळखायचं. चौथ्या-पाचव्या पदापर्यंत तिला ओळखता यायला लागेल. ताल शिकायची याहून स्वस्त शिकवणी मला माहीत नाही.

राहता राहिला ‘वन्स मोअर’. हे प्रकरण मोठं आहे.

शब्द इंग्रजी, पण त्याच्यावर हक्क सांगावा तर मराठी प्रेक्षकानंच. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक केलं तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात, आनंदोद्भव नाट्यगृहात, अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणलं आणि पात्रं स्वतःच गायला लागली. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आलं. मग भाऊराव कोल्हटकर, पुढे बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ असे एकेक गळे आले आणि लोक गोष्ट बघायला जायचे थांबले. गोष्ट पाठच होती. लोक गाणं ऐकायला जाऊ लागले. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष. अशी साथ असल्यावर कोण पदाला एकदाच सोडणार? आणि घरी जाऊन तेच पद पुन्हा ऐकायची सोय कुठे होती? ग्रामोफोन मोजक्या घरांत, त्यातही तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. आवडलेलं पद परत ऐकायचं तर दोनच मार्ग, पुढच्या प्रयोगाचं तिकीट किंवा आत्ताचा ‘वन्स मोअर’. नाटकं रात्री सुरू व्हायची आणि पहाटेकडे कलायची, घाई कुणालाच नव्हती.

८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन कंपन्यांचे दोन मालक एकाच रंगमंचावर, बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर. त्या रात्रीचं वर्णन जुनी माणसं अशी करायची, जणू स्वतः तिसऱ्या रांगेत होती. माझे नाना त्यानंतर सहा वर्षांनी जन्मले, पण तेही करायचे.

तुमचे बाबा या परंपरेच्या शेपटाला धरून मोठे झालेत. कोकणात, गोव्यात, देवळाच्या उत्सवाला किंवा जत्रेला जे संगीत नाटक होतं, तिथे प्रेक्षक म्हणजे सगळा गावच. रंगलेल्या नटाचा मामा समोर बसलेला, पेटीवाला शाळेतला मास्तर, आणि अर्ध्या मांडवाला पदं तोंडपाठ. तिथे गप्प बसलेल्या माणसाला लोक विचारतात, “काय रे, बरं नाही का?” बाबांनी तुमच्या शेजारी बसून जे केलं ते त्यांच्या लेखी रीतसर वागणं होतं. आपण पाहुण्याकडे जेवायला जाऊन ‘छान झालंय हं’ म्हणतो, तसं.

पण आज परिस्थिती बदललीय, आणि हे त्यांना सांगायला हरकत नाही. नाट्यगृह मिळतं ते सत्रावर. दुपारचा प्रयोग लांबला की पुढच्या प्रयोगाचं नेपथ्य उतरवायला टेम्पो दारात उभाच असतो. व्यवस्थापक विंगेत घड्याळ दाखवत असतो. प्रेक्षकाला परतीची लोकल असते. शिवाय पदंही बदलली. १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’पासून पंडित जितेंद्र अभिषेकींनी नाट्यपद आटोपशीर केलं, प्रसंगाच्या मापाचं केलं. अशा पदानंतर पुढचं वाक्य लागून यायला हवं असतं. मध्ये ‘वन्स मोअर’ पडला की प्रसंगाची मान मोडते. जुन्या नाटकात तशी भीती कमी, तिथे पद म्हणजे वाटेतली धर्मशाळाच, दोनदा मुक्काम केला तरी चालतं.

म्हणून ‘सौभद्र’ला मी बाबांना एक ‘वन्स मोअर’ मंजूर करते. आख्ख्या नाटकात एक. कुठल्या पदाला ते त्यांनी निवडावं, आणि तुम्ही घरी आधी पैज लावावी. पद पूर्ण संपलं, टाळी चढली, की त्या टाळीच्या पोटातच म्हणायचं, बसून. उभं राहायचं नाही. मागच्याला दिसत नाही ते तर झालंच, पण उभ्या माणसाची मागणी धमकीसारखी वाटते. मग ऑर्गनवाल्याकडे बघा. त्याचे हात पट्ट्यांवरच राहिले आणि नजर वर गाणाऱ्याकडे गेली, तर होणार. हात मांडीवर आले तर नाही. वर गाणाऱ्याला अजून सात पदं गायची असतात, गळ्याचा हिशोब त्याला ठाऊक असतो. ‘नाही’ हे उत्तर मिळालं तर तेही रसिकानं हसून घ्यावं. ‘मानापमान’च्या दिवशी बाबांना नेमकं तेच उत्तर मिळालं होतं, बहुधा त्यांनी ओळखलंही असेल.

हे सगळं त्यांना तुम्ही सांगू नका बरं. नातीनं विचारावं. “आजोबा, वन्स मोअर कधी द्यायचा आणि कधी नाही?” एवढा प्रश्न पुरे आहे. नियम ते स्वतःच सांगतील, माझ्यापेक्षा कडक सांगतील, आणि मग स्वतःच सांगितलेले नियम पाळावे लागतील. फसवणूक आहे थोडीशी. असू दे.

आता तुमच्या डुलकीकडे येऊ. मला त्यात काही वावगं वाटत नाही, अनोळखी गावात माणूस दमतोच. पण झोप येण्याचं कारण सांगते. तुम्ही गोष्ट पुढे सरकायची वाट बघत होतात. संगीत नाटकात पद सुरू झालं की बहुतेक वेळा गोष्ट थांबते. नायिका म्हणते, ‘मी निघाले’, आणि मग निघाल्याबद्दल सहा मिनिटं गाते. तिनं निघावं म्हणून तुम्ही वाट बघत बसलात की डोळे मिटणारच.

‘सौभद्र’ची गोष्ट आधीच ऐकून जा, नारदाकडून. थोडक्यात असं, की बलरामानं बहिणीचं, सुभद्रेचं, लग्न दुर्योधनाशी ठरवलंय. कृष्णाला जावई म्हणून, म्हणजे मेहुणा म्हणून, अर्जुन हवाय. अर्जुन तीर्थयात्रेवर आहे, तो संन्याशाच्या वेषात येतो, बलराम स्वामी समजून त्याची सरबराई करतो आणि सेवेला ठेवतो कुणाला, तर सुभद्रेला! मधल्यामध्ये घटोत्कच, नारद, रुक्मिणीचा रुसवा. नावं महाभारतातली, पण बोलणं-वागणं १८८२ च्या मराठी घरातलं. मोठा भाऊ तापट, धाकटा बेरकी, वहिनीला सगळं कळतंय. लग्नघरातला गोंधळ म्हणून बघा, हसू येईल.

आणि ऐकायचं असं. जुन्या नाटकांत साकी, दिंडी अशा चालीची छोटी पदं असतात. ती जवळजवळ संवादच, तिथे शब्दांकडे लक्ष द्या. पण एखादं पद रागात बांधलेलं, विस्तारानं गायलेलं आलं, की शब्दांचा नाद सोडा. मुखडा, म्हणजे पहिली ओळ, तेवढी लक्षात ठेवा. गाणारा तिथून निघून लांब भटकून येतो आणि परत त्या ओळीवर येऊन टेकतो. तो कसा परत येतो एवढंच बघायचं. कधी पायऱ्या उतरत, कधी उडी मारून, कधी आला आला म्हणता हुलकावणी देऊन पुन्हा बाहेर. हा खेळ एकदा कळला की सहा मिनिटं कमी पडतात. आणि जे पात्र गात नाहीये त्याच्याकडेही नजर असू द्या. समोरचा गात असताना पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं, आणि तरी मेल्यासारखं दिसायचं नाही, हे काम मला तर तानेपेक्षा अवघड वाटतं.

तिकिटाचं झटपट सांगते. ऑनलाइन काढा किंवा खिडकीवर, पण आसनांचा प्लॅन बघून काढा. बाल्कनी नको; बाबा ‘कट्यार काळजात घुसली’ वसंतराव देशपांड्यांच्या वेळी बाल्कनीतून बघितल्याचं सांगत असतील (त्या वयाचे सगळेच सांगतात, आणि १९६७-६८ साली एकवीस-बावीस वर्षांच्या पोराला बाल्कनीच परवडायची), पण आता ते जिने नकोत. पहिल्या दोन-तीन रांगाही नकोत, तिथे स्पीकर अंगावर येतो आणि मान वर करून दुखते. पाचवी ते नववी रांग, वाटेकडेची खुर्ची बाबांना. ७९ व्या वर्षी मध्येच उठावं लागतं आणि आठ गुडघे ओलांडून जाण्याच्या लाजेनं माणूस नाटकाला यायचंच सोडतो, हे मी पाहिलंय. बाबांच्या ‘जागरण सोसत नाही’मध्ये थोडं हेही असू शकेल. त्यांच्याशेजारी नात, मग तुम्ही. अर्धा तास आधी पोचा. पहिल्या घंटेला आत, तिसऱ्या घंटेनंतर नांदी, म्हणजे नाटकाच्या आरंभीचं मंगलगीत. नांदी चुकली तर बाबांच्या मते अर्धं नाटक चुकलं, आणि मलाही तसंच वाटतं. मध्यंतरातला बटाटावडा मात्र पडदा पडण्याआधी दोन मिनिटं बाहेर पडून आणायचा मोह आवरा. शेवटचं पद बहुधा तिथेच असतं.

लेकीला एक सांगा. आजोबांच्या आवडीचं पद मोबाईलवर टिपून घ्यायचा तिचा बेत असणार, त्या वयाची सगळीच मुलं करतात. नको. बंदी असते हे एक, पण अंधारात पेटलेला पडदा मागच्या चार रांगांना दिसतो आणि वर गाणाऱ्यालाही. आजोबांच्या गुणगुणण्याहून हा उपद्रव मोठा, फक्त त्याला ‘शूऽऽ’ करता येत नाही. आजोबांनाच घरी तेच पद गायला लावून टिपून घे म्हणावं. पंधरा वर्षांनी ते जास्त कामाचं असेल.

पुन्हा कुणी मध्यंतरात तक्रार घेऊन आलंच तर तुम्ही उत्तर देऊ नका. बाबांकडे वळून म्हणा, “बाबा, हे काहीतरी म्हणतायत.” त्यांचं ते बघतील. बहुतेक दोन मिनिटांत त्या माणसाला ते ‘तुम्ही कुठले?’ विचारतील आणि पाचव्या मिनिटाला दोघं मिळून हल्लीच्या नटांना नावं ठेवत असतील. मागे बसून ‘शूऽऽ’ करणारा माणूसही शेवटी पद नीट ऐकायलाच आलेला असतो. तोच तर खरा त्यांच्या जातीचा.

तुमच्या यजमानांना चौथं तिकीट काढा. ‘तुलाच ताप’ म्हणणाऱ्यानं एकदा तरी ताप बघावा.

आणि नाटक संपल्यावर भरतवाक्य, म्हणजे अखेरचं मंगलपद, होईपर्यंत उठू नका. लोक गाडी काढायला धावतात, धावू द्या. गर्दी विंगेकडे जाते, नट-नट्यांबरोबर फोटो काढायला. तुम्ही उलट्या दिशेनं जा, बाबांना घेऊन रंगमंचाच्या पुढ्याशी. तबलजी वाद्यं आवरत असतो, ऑर्गनवाला झाकण लावत असतो, आणि त्यांच्याशी सहसा कुणी बोलायला येत नाही. कुठल्या पदातली कुठली जागा आवडली ते बाबांनी त्यांना सांगावं, वाटलं तर गुणगुणून दाखवावं. घाई करू नका. ऑर्गन उचलायला चार माणसं लागतात, ती येईपर्यंत ते तिथेच असतात.

– तुमची ताई